भरल्या दिवसांत कूस बदलता यावी म्हणून

डिसेंबरमधल्या एका रात्री अडीच वाजता डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळायला मला चार-पाच मिनिटं लागली. आधी गादीची कड धरायची, मग गुडघे, मग दम घ्यायचा, मग कंबर. कंबर वळली की जांघेत अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. त्या रात्री फोनवर मराठीत शोधलं तेव्हा सगळीकडे एकच उत्तर मिळालं: या दिवसांत कंबर दुखायचीच. आता लेक आठ आठवड्यांची झाली आहे आणि ती झोपली की मी हे तुकड्यातुकड्यांत लिहिते आहे. दुखायचीच हे खरं, पण त्यापुढेही बरंच काही असतं, मला उपयोगी पडलेली ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करायची पद्धत, हे त्यातलंच. मला ते उशिरा कळलं.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घर जुन्या पद्धतीचं, अरुंद. स्वयंपाकघर खाली, न्हाणीघर वर आणि मध्ये चौदा उभ्या पायऱ्या. माझी तारीख १४ मार्च २०२५ होती. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसमधून उतरताना पहिल्यांदा पुढे, अगदी मध्यभागी, हाडात चमक आली. मग गाडीत बसताना, पँट घालताना, अंथरुणात वळताना. एका पायावर भार आला की दुखायचं.

२९ नोव्हेंबरला पंचविसाव्या आठवड्याची मिडवाइफची, म्हणजे इथे गरोदरपणाच्या तपासण्या करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीची, भेट होती. मी दुखणं सांगितलं, तिने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली की हे पेल्विक गर्डल पेन आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ओटीपोटाभोवती हाडांचं जे कडं असतं त्याच्या सांध्यांचं दुखणं. समोर जघनास्थीचा सांधा, मागे माकडहाडाच्या वर दोन बाजूंना दोन. पाचातल्या एका गरोदर बाईला हे होतं, असं तिने सांगितलं. दुखण्याला नाव मिळालं एवढ्यानेच मला खूप हलकं वाटलं. बाळाला यापासून धोका नाही, हेही तिने आधीच सांगून टाकलं. तिने मॅट बी वन हा कागद दिला, जो प्रसूतीच्या रजेसाठी नोकरीत द्यावा लागतो, आणि फिजिओथेरपीसाठी स्वतःच अर्ज करायची लिंक दिली. जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जायची गरज नव्हती. तो अर्ज मी त्याच रात्री भरला, वीस मिनिटं लागली.

उत्तर बारा दिवसांनी आलं. आधी ६ जानेवारीला ऑनलाइन गटवर्ग, तो केल्यावरच प्रत्यक्ष भेटीची तारीख. एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, ही सेवा मोफत आहे आणि मला तिथे भेटलेली माणसं चांगली होती, पण मधले पाच-सहा आठवडे माझे मला काढायचे होते. तुम्हाला दुखायला लागलं तर वाट न बघता पहिल्याच दिवशी अर्ज करा. रांगेत नाव लागलेलं असणं महत्त्वाचं.

डिसेंबर वाईट गेला. इथे अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पाठीवर झोपू नका, कुशीवरच झोपा असं बजावून सांगतात, कारण पाठीवर झोपल्याने बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. ते पटलेलं होतं, पण माझ्या दोन्ही कुशी दुखत होत्या. पाठ टेकायची नाही आणि कुशीवर अर्ध्या तासाच्या वर राहवत नाही. रात्री लघवीला चार वेळा उठायचं आणि दर वेळी ती उठण्याची कसरत. दिवसा पायऱ्या मी बसून, एकेक करून उतरायला लागले. ऑफिसमध्ये खुर्चीतून उठण्याआधी आसपास कोणी नाही ना ते बघायचे, कारण तोंडातून आवाज निघायचा. आईने मिरजेहून व्हिडिओवर डोहाळजेवण केलं. ओटी भरायला इथली एक मैत्रीण आली होती, आणि मला पाटावर बसता आलं नाही म्हणून खुर्चीवर पाट ठेवला. फोटोत मी हसते आहे. तो फोटो बघितला की मला अजूनही फक्त ती कंबर आठवते.

औषध म्हणाल तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन विसाव्या आठवड्यानंतर चालत नाही. पॅरासिटामॉलने फारसा फरक पडला नाही.

६ जानेवारीच्या वर्गात आम्ही अकराजणी होतो. तासाभराचा वर्ग, आणि त्यातल्या चार गोष्टी मी शेवटपर्यंत पाळल्या. वळताना गुडघे एकमेकांना चिकटवून वळायचं, मध्ये उशी असली तर उशीसकट. पँट किंवा सलवार बसूनच घालायची, उभ्याने एका पायावर नाही. गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरायची, म्हणजे दोन्ही पाय जोडून अलगद फिरता येतं. आणि पायरी चढताना कमी दुखणारा पाय आधी, दुसरा त्याच पायरीवर. प्रत्यक्ष भेटीची तारीख मिळाली ११ फेब्रुवारी.

तोवर ऑस्टिओपॅथीचं नाव ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंनी सुचवलं. मी आधी टाळलं. आपल्याकडे हाडवैद्य म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तेच माझ्या डोळ्यांसमोर आलं: मान धरून कडकन आवाज. पोटात बाळ असताना तसं काही मला नको होतं. मग वाचायला बसले. ही पद्धत अमेरिकेतली, अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली. तिकडे ऑस्टिओपॅथीचं शिक्षण घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये ते डॉक्टर नसतात, पण १९९३च्या कायद्याने नोंदणीशिवाय कोणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नोंदणी चालू आहे की नाही ते दिसतं. भेट ठरवण्याआधी हे नक्की बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटच्या तिमाहीतल्या बायकांवर टेक्सासमध्ये झालेला एक मोठा अभ्यासही सापडला. तो २०१५ साली छापून आला. चारशे बायका, तिसाव्या आठवड्यापासून, नऊ आठवड्यांत सात वेळा उपचार. ज्यांना फक्त नेहमीची तपासणी मिळाली त्यांचं दुखणं आणि हालचालीतली अडचण दिवस भरत गेले तशी वाढली. ऑस्टिओपॅथी मिळालेल्यांची त्यांच्या मानाने कमी वाढली. पण तिसऱ्या गटाला अल्ट्रासाउंडच्या यंत्राने नुसता खोटा उपचार दिला होता, आणि त्या गटात आणि ऑस्टिओपॅथीच्या गटात म्हणावा असा फरक दिसला नाही. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे हाताची किमया किती आणि कोणीतरी आठवड्याला वेळ काढून लक्ष देतं याचा गुण किती, हे वेगळं काढता येत नाही. मी ठरवलं की मला वेगळं काढायचं नाहीये, मला झोपायचं आहे. मिडवाइफला फोन करून विचारलं. ती म्हणाली हरकत नाही, फक्त गरोदर बायकांचा अनुभव आहे का ते विचार आणि तुझी गरोदरपणाची नोंदवही सोबत ने.

नवऱ्याच्या कंपनीचा आरोग्य विमा मला लागू होता आणि त्यात ऑस्टिओपॅथी लिहिलेली होती. फोनवर सांगितलं की जीपीचं पत्र लागेल. पत्राला ३० पौंड आणि नऊ दिवस लागले. दावा पाठवल्यावर उत्तर आलं की दुखणं गरोदरपणाशी संबंधित असल्याने पैसे मिळणार नाहीत. हे पहिल्याच फोनला सांगितलं असतं तर? मला त्या दिवशी खूप राग आला होता. तुम्ही विचाराल तेव्हा ‘ऑस्टिओपॅथी चालते का’ असं विचारू नका, ‘गरोदरपणामुळे झालेल्या दुखण्यासाठी चालते का’ असं विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

ऑस्टिओपॅथ बाईंची पहिली भेट १० जानेवारीला, एकतिसाव्या आठवड्यात. साठ मिनिटं, ६२ पौंड. बाई पन्नाशीच्या. पहिली पंचवीस मिनिटं त्यांनी फक्त विचारलं आणि लिहून घेतलं. रक्तदाब घेतला. रक्तस्राव, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, पोटरीत दुखणं, बाळाची हालचाल, अंगाला खाज असे प्रश्न विचारले. हे प्रश्न त्यांनी पुढे दर वेळी, त्याच क्रमाने विचारले. मग चोवीस वाक्यांचा एक कागद दिला. आज तुमच्या बाबतीत जे खरं असेल त्यापुढे खूण करा. कंबरेमुळे मी बहुतेक वेळ घरीच असते. कंबरेमुळे मला मोजे घालायला त्रास होतो. कंबरेमुळे मला नीट झोप लागत नाही. मी सतरा खुणा केल्या. सतरा हा आकडा बघून मला रडू आलं, कारण तोवर मी सगळ्यांना, आईलासुद्धा, ‘थोडं दुखतंय’ एवढंच सांगत होते.

उपचारात कडकन काहीच वाजलं नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, पोटाखाली एक, गुडघ्यांत दोन उशा. उजव्या कुल्ल्यातल्या एका खोल गाठीवर त्यांनी अंगठा ठेवला आणि नुसता ठेवून दिला. मिनिटभराने ती जागा लोणी विरघळावं तशी सैल झाली. मग गुडघा धरून म्हणाल्या, माझ्या हाताला हळू रेटा द्या, पाच सेकंद, आता सोडा. असं तीन-चारदा. शेवटी दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवून माझ्या श्वासाबरोबर फक्त हलत राहिल्या. कितीतरी आठवड्यांनी पोटापर्यंत श्वास गेल्यासारखा वाटला. प्रत्येक वेळी हात ठेवण्याआधी त्या कुठे आणि का ते सांगत आणि चालेल का विचारत.

पुढचे दोन दिवस अंग ठणकलं. त्यांनी तसं आधीच सांगितलं होतं, तरी मला वाटलं की पैसे वाया गेले. तिसऱ्या रात्री मात्र मी सलग अडीच तास झोपले.

१७ जानेवारी, मग ३१ जानेवारी. दर भेट चाळीस मिनिटं, ४८ पौंड. मी वहीत रोज तीनच गोष्टी लिहीत होते: रात्री सलग किती झोपले, पायऱ्या उभ्याने उतरले का, मोजे कोणी घातले. दुखणं किती हे रोज लिहिलं की मन त्यातच अडकतं, पण मोज्यांचं उत्तर एका शब्दात देता येतं. जानेवारीच्या शेवटी सलग झोप साडेतीन तासांवर आली होती. पायऱ्या सकाळी उभ्याने, संध्याकाळी बसून. मोजे अजून नवराच घालत होता. दुखणं गेलं नव्हतं, पण पोट आणि बाळाचं वजन आठवड्यागणिक वाढत असताना ते वाढलं नाही. वहीत मागे जाऊन बघितलं नसतं तर मला ते कळलंही नसतं.

४ आणि ५ फेब्रुवारीला मला सुट्टी घ्यावी लागली. मी पगारपत्रकं बनवण्याच्या विभागात काम करते म्हणून एक नियम ठाऊक होता, जो बऱ्याच जणींना ऐनवेळी कळतो. बाळाची तारीख ज्या आठवड्यात येते त्याच्या आधीच्या चार आठवड्यांत गरोदरपणामुळे आजारी म्हणून सुट्टी घेतली, तर इथे प्रसूतीची रजा आपोआप सुरू होते. माझ्यासाठी ती सीमा ९ फेब्रुवारी होती आणि मला रजा २४ तारखेपासून हवी होती. म्हणून साहेबांशी बोलून १० तारखेपासून घरूनच काम घेतलं.

७ फेब्रुवारीच्या भेटीबद्दल जरा सविस्तर लिहिते. नेहमीचे प्रश्न चालले होते. खाज? मी सहज म्हटलं, हो, रात्री तळहातांना येते थोडी, हीटरने कातडी कोरडी पडली असेल. बाईंनी हातातली उशी खाली ठेवली. तळपायांना? हो, थोडी. पुरळ? नाही. त्या म्हणाल्या, आज मी तुम्हाला हात लावणार नाही, आत्ता माझ्यासमोर प्रसूती विभागाच्या तातडीच्या नंबरला फोन करा. गरोदरपणात यकृतातून पित्त नीट वाहिनासं झालं की अशी खाज येते, आणि ते फार वाढलं तर बाळाला धोका असतो. ब्रिटनमध्ये हे हजारात सातेक जणींना होतं, भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांत हजारात बारा ते पंधरा जणींना. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी साडेतीन तास बसून रक्त दिलं, बाळाचे ठोके बघितले. पोटाला बांधलेल्या पट्ट्यावर ठोक्यांचा आवाज येत होता आणि मी नवऱ्याचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, पित्ताम्लं ८, म्हणजे व्यवस्थित. आठवड्याने पुन्हा तपासलं, तेव्हाही ठीक. खाज कातडीचीच होती, खोबरेल तेलाने गेली. बाईंनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. कधी हात लावायचा नाही हे त्यांना माहीत आहे, हे मी त्या दिवशी बघितलं आणि माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. तुम्ही कोणाकडेही जा, हे प्रश्न ते दर वेळी विचारतात का तेवढं बघा. आणि न विचारताही तळहातांची खाज मिडवाइफला सांगा.

११ फेब्रुवारीला फिजिओची प्रत्यक्ष भेट झाली. तिने कोपराच्या कुबड्या दिल्या, कंबरेचा पट्टा नीट बांधून दाखवला (तो मी २७ पौंडांना घेतला होता आणि महिनाभर फार वर बांधत होते) आणि ऑस्टिओपॅथी चालू ठेवायला ना म्हटली नाही. दोघींना एकमेकींचं माहीत असू द्या, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई आली. तिचा व्हिसा म्हणजे वेगळाच अध्याय आहे. डिसेंबरमध्ये ११५ पौंड भरले, पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट हाती यायला साडेतीन आठवडे लागले. इथे येऊन तिने बेलग्रेव्ह रोडवरून डिंक आणि आळीव आणवले. आळिवाला तिथले गुजराती दुकानदार असेळियो म्हणतात, हे शोधायला नवऱ्याला तीन दुकानं लागली.

१४ फेब्रुवारीला ती माझ्याबरोबर आली. इथे सोबतीला कोणी बसलेलं चालतं, फक्त आधी सांगायचं. वाटेत दोनदा विचारलं, ‘‘हाडं बसवतात काय गं ही बाई? मोडणार तर नाही ना काही?’’ खोलीत मात्र ती खुर्चीच्या कडेला बसून एक शब्द न बोलता बघत राहिली. रात्री मी कुशीवर पडले तेव्हा तिने तेल कोमट केलं आणि बरोबर त्याच गाठीवर अंगठा ठेवला. ‘‘इथंच ना?’’ तिथेच. म्हणाली, तुझ्या वेळी सुईणबाई अशीच धरून बसायची, मी विसरले होते. त्यानंतर रोज रात्री दहा मिनिटं ती हे करायची, बाईंनी दाखवलं तेवढंच, पोटाला हात न लावता.

२८ फेब्रुवारी, अडतिसावा आठवडा, शेवटची भेट. तो चोवीस वाक्यांचा कागद पुन्हा भरला. अकरा खुणा. त्या दिवशी त्यांनी आणखी एक काम केलं, जे प्रत्येकीने करून ठेवावं असं मला वाटतं. मला पाठीला उशा लावून अर्धवट बसवलं आणि न दुखता गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात ते मोजलं. पंधरा इंच. घरी आईच्या शिवणाच्या टेपने तेवढी फीत कापून मी नोंदवहीला टाचली आणि खाली लिहिलं, यापेक्षा जास्त नको, शक्यतो कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर. कारण सुईने पाठ बधिर केली की दुखणं कळत नाही, पाय नको तितके फाकवले जातात आणि ते नंतर महागात पडतं.

पाच भेटींचे मिळून २५४ पौंड झाले, म्हणजे सत्तावीस हजार रुपयांच्या आसपास. आमच्यासाठी ही छोटी रक्कम नव्हती. पाळणा आम्ही मग वापरलेला घेतला. भारतातल्या मैत्रिणी विचारतात, त्यांना मी सांगते की आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा आणि गरोदर बायकांवर काम केलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. तिकडे बहुतेकींना तो जवळ मिळेल, आणि माझ्याही उपयोगी पडलेल्या निम्म्या गोष्टी फिजिओच्या वर्गातल्याच होत्या.

कळा १० मार्चच्या रात्री सुरू झाल्या. दवाखान्यात तपासायला आलेल्या प्रत्येकीला नवऱ्याने ती फीत दाखवली. दोघींनी लगेच मानलं. तिसरी घाईत होती, तेव्हा आई मराठीतच म्हणाली, ‘‘थांबा जरा,’’ आणि फीत तिच्या हातात दिली. ती थांबली. ११ तारखेला सकाळी, मी डाव्या कुशीवर असताना, लेक झाली. तीन किलो शंभर ग्रॅम.

समोरच्या सांध्याचं दुखणं पहिल्या दहा दिवसांतच निम्म्यावर आलं. २९ एप्रिलला जीपीकडे सहा-आठ आठवड्यांची तपासणी झाली. डाव्या पायावर एकट्याने उभं राहिलं की मागे अजून दुखतं, म्हणून फिजिओची पुढची तारीख २० मे आहे. परवा घरीच तो कागद काढून पुन्हा खुणा केल्या, पाच झाल्या. झोपेच्या वाक्यापुढे खूण केली नाही. रात्री तीन वेळा उठते, पण कंबरेमुळे नाही.